स्तनशल्यक्रियेच्या इतिहासातील काही संज्ञा

वैद्यकाच्या इतिहासाकडे भाषेच्या अभ्यासकाने वळावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु एखादी शस्त्रक्रिया रूढ होण्यापूर्वी, ज्या अवस्थेवर ती करावयाची तिला बहुधा नाव मिळालेले असते. आणि ते नाव कोणी, कोणत्या भाषेतून व कशासाठी दिले, हा प्रश्न आमच्या विषयाच्या कक्षेबाहेरचा नाही. स्तनाच्या आकारावर करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही. एखादी अवस्था विकार मानावयाची की केवळ शरीराचे एक रूप, या निर्णयावर शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसावा, तिचे धोके कितपत क्षम्य मानावेत आणि ती मागणाऱ्या स्त्रीकडे रुग्ण म्हणून पाहावे की हौशी म्हणून, हे सारे अवलंबून राहत आले आहे. या क्षेत्राचा इतिहास सामान्यतः साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात स्तन लहान करणे, स्वतःच्याच शरीरातील मेद स्तनात घालणे आणि जादा ऊतक काढून टाकणे या तीन शाखांपुरता तो संज्ञांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

या शस्त्रक्रियेचे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन पुरुषाच्या शरीरासंबंधी आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. पुरुषाचा स्तन वाढण्याच्या अवस्थेला 'गायनेकोमास्टिया', म्हणजे 'स्त्रीसारखा स्तन', हे नाव ग्रीक वैद्यकाने दिले. गेलेनच्या लेखनात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ते आढळते. सातव्या शतकातील एजिना बेटाचा वैद्य पॉल याने आपल्या सात भागांच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात तीवरील शस्त्रक्रिया सांगितली आहे. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन आतील मेद काढावा. स्तन लोंबत असल्यास दोन चंद्रकोरी टोकांशी मिळतील असे छेद घेऊन मधली त्वचाही काढावी, असे त्याचे दोन विधी आहेत. हे तो का करावयास सांगतो? वेदना होतात म्हणून नव्हे, तर या अवस्थेमुळे पुरुषास बायकीपणाचा बोल लागतो म्हणून. लोकनिंदा हेच येथे शस्त्र उचलण्याचे कारण आहे, आणि ते कारण रोगाच्या नावातच बसवलेले आहे. आज ज्याला आपण 'सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया' म्हणतो तिचा आरंभ स्त्रियांच्या हौसेत शोधणाऱ्यांनी पॉलचे हे प्रकरण अवश्य पाहावे.

स्त्रीच्या स्तनासंबंधी वारंवार उद्धृत होणारे आद्य उदाहरण 1669 सालचे आहे. इंग्लंडातील प्लिमथ येथील विल्यम डर्स्टन याने अकस्मात व अतोनात वाढलेल्या स्तनांची हकीकत लंडनच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकास कळविली. डावा स्तन 64 पौंड भरल्याचे त्यात नमूद आहे. काही इतिहासलेखक हे स्तन लहान करण्याचे पहिले उदाहरण मानतात, ते मात्र चुकीचे आहे. तो स्तन कापून तोलला गेला तो रुग्ण स्त्री मरण पावल्यानंतर. तिच्यासाठी कोणी काही करू शकले, असा पुरावा त्या हकीकतीत नाही.

स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. बोर्दोचा पूसोँ (1897) आणि पॅरिसचा मोरेस्तँ (1907) ही त्या काळातील ठळक नावे होत. ऊतक कापून काढणे ही त्यांची अडचण नव्हतीच. ते काढल्यावर स्तनाग्र नव्या जागी न्यावे लागते आणि तेथे ते जिवंत राहिले पाहिजे, ही खरी अडचण. रक्तपुरवठा तुटला की स्तनाग्र काळे पडून गळून जाते. येथे पुण्याशी संबंधित एका प्रसंगाची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाच्या नाकाची हकीकत प्रसिद्ध झाली. 1792 च्या युद्धात तो इंग्रज सैन्याबरोबर असताना टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक छाटण्यात आले. पुण्याच्या परिसरातील विटा भाजणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकीकतीत नाही. या कृतीचे मर्म असे की कपाळाची त्वचा पूर्णपणे सुटी न करता दोन भुवयांच्या मध्ये एका पट्टीने जोडलेली ठेवावयाची, आणि नवे नाक तेथे रुजल्यावर मगच ती पट्टी तोडावयाची. या जोडाला पाश्चात्त्य वैद्यकात जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ 'लहान पाय' असा होतो. आपल्याकडचा 'देठ' हा शब्द मला त्याहून अधिक नेमका वाटतो. देठावर असेतो पान हिरवे राहते.

पुण्याच्या नाकापासून युरोपातील स्तनशल्यापर्यंत सरळ वंशावळ लावण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. तत्त्व एक, एवढेच म्हणता येते. 1930 मध्ये श्वार्ट्समान याने स्तनाग्राभोवती त्वचेच्या आतल्या थराचे कडे राखून ठेवले व त्यातून रक्तपुरवठा टिकविला. स्वीडनच्या स्ट्रोमबेकने 1960 मध्ये दोन्ही बाजूंनी देठ ठेवला. पुढील पिढ्यांनी देठ वरून, खालून, मधून असे निरनिराळ्या ठिकाणी घेतले. याच काळात अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट वाइज याने 1956 मध्ये त्वचेवर छेद आखण्याचा जो नमुना प्रसिद्ध केला तो त्याने काचोळीच्या बेतावरून, म्हणजे शिंप्याच्या कापणीवरून घेतला होता. आजही तो त्याच्या नावाने चालतो. देहाचे माप वस्त्राने ठरावे, याचे इतके उघड उदाहरण इतरत्र क्वचितच मिळेल.

या शाखेतील एका संज्ञेपाशी थोडे थांबावेसे वाटते. स्तन खाली ओघळण्याला 'टोसिस' म्हणतात. मूळ ग्रीक 'प्तोसिस', म्हणजे पडणे. ग्रीक वैयाकरणांनी हाच शब्द विभक्तीसाठी वापरला होता, आणि लॅटिनमधील 'कासुस' हे त्याचेच भाषांतर. प्रथमा ही ताठ उभी आणि बाकीच्या विभक्ती तिच्यापासून कललेल्या, अशी ती कल्पना होती. 1976 मध्ये माँट्रियलच्या पोल रेन्यो यांनी स्तनाग्र आणि स्तनाखालील घडी यांच्या परस्परस्थितीवरून स्तनाच्या या अवस्थेच्या तीन पायऱ्या निश्चित केल्या. शस्त्रक्रियेची आखणी करण्यास असे वर्गीकरण उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु येथेही एक 'प्रथमा' गृहीत धरलेली आहे, आणि मुलांना अंगावर पाजलेल्या, वय झालेल्या कोणत्याही स्त्रीचे शरीर तिच्यापासून ढळलेले, म्हणून अंशांत मोजण्याजोगे ठरते.

आता मेदाकडे वळू. 1895 मध्ये हायडेलबर्गचा शल्यविशारद व्हिन्सेंझ चेर्नी याच्याकडे एक गायिका आली होती. तिच्या स्तनातील गाठ काढावयाची होती. पण ती काढल्यावर दोन स्तनांत विषमता येणार, आणि तिची उपजीविका तर रंगमंचावरची. तिच्या कमरेजवळ मेदाची एक मुठीएवढी निरुपद्रवी गाठ होती. चेर्नीने ती काढून स्तनातील रिकाम्या जागी बसविली. एका गाठीची जागा दुसऱ्या गाठीने भरून काढणारी ही शस्त्रक्रिया स्तनाच्या पुनर्घटनेचे आद्य उदाहरण मानली जाते, आणि माझ्या मते आजच्या सर्व वादांचे बीज तीत आहे. ही चिकित्सा की सौंदर्यसाधना? रोग काढला म्हणून चिकित्सा म्हणावे, तर दुसरा भाग रोगाशी संबंधित नव्हता. चेर्नीला तो प्रश्न पडलेला दिसत नाही. पुढे पॅरिसमध्ये स्युझान नोएल या स्त्री-शल्यविशारदेने 1926 मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच सौंदर्यशल्याच्या 'सामाजिक कार्या'चा उल्लेख केला. नोकरी टिकविण्यासाठी तरुण दिसणे ज्यांना भाग होते अशा स्त्रिया तिच्याकडे येत. ती स्वतः स्त्री-मताधिकाराची पुरस्कर्ती होती, हे सांगितले म्हणजे तिच्या भूमिकेचा रोख कळेल.

मेदाचे सुटे रोपण दिसते तितके सोपे नाही. जर्मनीतील नॉयबर याने 1893 मध्येच चेहऱ्यावरील खोल व्रण मेदाने भरून काढले होते, आणि वाटाण्या-बदामाएवढे लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, असा त्याचा अनुभव होता. कारण उघड आहे. या मेदाला देठ नसतो. नव्या जागी रक्तवाहिन्या शिरेपर्यंत त्याला आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर जगावे लागते, आणि ते काठावरच्या पातळ थरापलीकडे पोचत नाही, गाभा मरतो. मेलेल्या भागाचा काही अंश शरीर शोषून घेते, काही ठिकाणी तेलाच्या पुटकुळ्या होतात, काही ठिकाणी चुन्यासारखे क्षार साठून कठीण कण तयार होतात. अमेरिकेच्या लिंडन पीअरने 1950 मध्ये केलेल्या मोजणीत रोपलेल्या मेदापैकी वर्षभरात सुमारे निम्माच उरला. शंभर वर्षांनंतरची प्रगतीही मुख्यतः नॉयबरचा धडा यंत्राच्या साहाय्याने गिरविण्यात आहे: मेद बारीक नळीने हळुवार काढावयाचा, गाळून किंवा फिरवून त्यातील रक्त व तेल वेगळे करावयाचे, आणि अनेक दिशांनी लहान लहान थेंबांत असा पेरावयाचा की प्रत्येक थेंबाला जिवंत ऊतकाचा शेजार मिळेल. एका वेळी फार भरले तर दाबानेच ते मरते. म्हणून वाढ माफकच मिळते व कधी दोन-तीन वेळा काम करावे लागते.

'चरबी' आणि 'मेद' यांतील निवडही निरर्थक नाही. 'चरबी' हा फार्सीतून आलेला शब्द मराठीत माजाच्या अर्थानेही रुळला. 'मेद' हा आयुर्वेदाने मानलेल्या सात धातूंपैकी एक. काढावयाची असते तेव्हा आपण चरबी म्हणतो आणि घालावयाचा असतो तेव्हा मेद. पदार्थ तोच.

नळीने मेद शोषून घेण्याची पद्धत 1970 च्या दशकात रोमचे फिशर पितापुत्र व पॅरिसचा इलूझ यांनी प्रचारात आणली. इलूझकडे पाठीवरील मेदाची गाठ मोठा व्रण न ठेवता काढून हवी असलेली एक स्त्री आली, त्यातून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. शोषलेला मेद हाताशी आल्यावर तो दुसरीकडे घालण्याची कल्पना सुचणे स्वाभाविकच होते. कॅलिफोर्नियाच्या मेल बर्कॉल याने 1987 मध्ये तो स्तनात घातल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील सुघटन-शल्यविशारदांच्या संघटनेच्या समितीने त्या पद्धतीचा एकमुखाने निषेध केला. क्षारांचे कण क्ष-किरणचित्रात कर्करोगाच्या खुणांसारखे दिसतील व खरा रोग झाकला जाईल, असा आक्षेप होता. त्या काळच्या चित्रणाचा दर्जा पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही.

या निषेधाचे वजन कळावयास मात्र त्याच संघटनेचे पाच वर्षांपूर्वीचे एक निवेदन शेजारी ठेवून वाचावे लागते. मध्यंतरी सिलिकोनचे युग आले होते. त्यापूर्वीच्या पॅराफिन, स्पंज व द्रव सिलिकोन या प्रयोगांची कथा अत्यंत दुःखद आहे. येथे तिचा केवळ उल्लेख करून पुढे जातो. 1962 मध्ये ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो यांनी सिलिकोनच्या गराने भरलेली पिशवी प्रथम एका स्त्रीच्या स्तनांत बसविली. ही स्त्री रुग्णालयात आली होती ती गोंदण काढून घेण्यासाठी, आणि तिला स्वतःला पुढे आलेले कान मागे बसवून हवे होते. ही पिशवी वीस वर्षे विशेष तपासणीवाचून विकली गेल्यावर 1982 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला कडक नियंत्रणाच्या वर्गात घालण्याचे सुचविले, तेव्हा संघटनेने लेखी विरोध केला. त्या निवेदनात लहान स्तन ही विकृती असून तो वस्तुतः एक रोगच आहे, त्यामुळे स्त्रीच्या स्वास्थ्याची हानी होते, असा युक्तिवाद होता. 'मायक्रोमास्टिया' हा शब्द त्यासाठी तयारच होता. त्याची घटना गायनेकोमास्टियासारखीच ग्रीक, आणि अर्थ केवळ 'लहान स्तन'. साधे विशेषण परभाषेत गेले की निदान होते. पुढे 1992 मध्ये त्या पिशव्यांवर कठोर मर्यादा आल्या, 2006 मध्ये त्या अटींसह उठल्या, आणि 2019 मध्ये खरबरीत पृष्ठभागाच्या एका प्रकाराच्या पिशव्या एका दुर्मिळ लसीका-कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आल्या.

निषिद्ध ठरलेल्या मेदाचे पुढे काय झाले? 2007 मध्ये कोलमन व सबोइरो यांनी 1995 ते 2000 या काळात मेद रोपलेल्या 17 स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली; 2009 मध्ये संघटनेच्या नव्या अभ्यासगटाने ही पद्धत विचारात घेण्यास हरकत नसल्याचे, परंतु पुरावा अद्याप अपुरा असल्याचे मत दिले. आज कर्करोगानंतरच्या पुनर्घटनेत तिचा सर्रास उपयोग होतो. मध्ये वीस वर्षे गेली. चित्रणाची साधने सुधारली, हे एक कारण खरे. पण स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही आत व्रण राहतात, मेद मरतो, क्षारांचे कण साठतात. ती कोणी निषिद्ध ठरविली नाही. एकाच खुणेचे मोल शस्त्रक्रियेच्या नावाप्रमाणे बदलले, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी शाखा जादा ऊतकाची. गर्भावस्थेच्या साधारण सहाव्या आठवड्यात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एक उंचवटा उमटतो. त्याला दुग्धरेषा म्हणतात. मनुष्यात छातीवरील भाग सोडून ती विरून जाते. विरली नाही तर त्या वाटेवर कोठेही, बहुधा काखेत, जादा स्तनाग्र किंवा ग्रंथी राहते. फिनलंडच्या कायावा याने 1915 मध्ये ग्रंथी, स्तनाग्र, त्याभोवतीचे वर्तुळ यांपैकी काय उपस्थित आहे यावरून याचे आठ वर्ग पाडले. काखेतील ग्रंथी वयात येताना, गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर फुगते व दुखते. क्वचित तीत दूध येते, आणि छातीवरील स्तनाला होणारे रोग, कर्करोगसुद्धा, तिला होऊ शकतात.

या अवस्थेच्या नावांचा इतिहास भयावह आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडात चेटकीण ठरविण्यासाठी स्त्रियांच्या अंगावर सैतानाला पाजण्याचे 'थान' शोधीत. 1645 ते 1647 या काळात मॅथ्यू हॉपकिन्सने चालविलेल्या शोधात अशा खुणा पुरावा मानल्या गेल्या. त्यांतील बहुतेक चामखीळ वा मस असतील. एखाददुसरे जादा स्तनाग्रही असेल. इफिससच्या आर्टेमिस देवीची गोष्ट निराळी. तिच्या मूर्तीच्या छातीवर ओळीने लोंबणाऱ्या वस्तूंना स्तन मानून जेरोमने तिला 'बहुस्तनी' म्हटले, आणि त्यानंतर सर्वांना तेथे स्तनच दिसू लागले. त्या वस्तूंना स्तनाग्रे नाहीत, त्या देवीच्या आभूषणांपैकी असाव्यात, हे अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे वैद्यकाच्या पुस्तकांपर्यंत अजून पुरते पोचलेले नाही.

संस्कृतात 'अजागलस्तनन्याय' आहे: शेळीच्या गळ्याशी लोंबणाऱ्या मांसाला स्तन म्हटले तरी त्यातून दूध निघत नाही. काखेतील ग्रंथी म्हणजे याच्या नेमके उलट. तिला स्तन कोणी म्हणत नाही, पण ती स्तनच असते. मराठीत काखेत येणाऱ्या गाठीला 'काखमांजरी' म्हणतात. गळू, अवधाण, मेदाची गाठ आणि दुग्धग्रंथी यांत हा शब्द भेद करीत नाही. रोजच्या मराठीत तर स्तनाचे नाव घेणेही टाळले जाते. मूल 'अंगावर' पिते. तेव्हा काखेतला फुगवटा हा स्तनाचा भाग आहे हे सांगावयास जवळचा शब्दच नाही, आणि बहुधा 'काखेतली चरबी' एवढ्यावर बोलणे थांबते. उपचार मात्र नावाप्रमाणे बदलतो. केवळ मेद असल्यास तो नळीने शोषून घेता येतो. तंतुमय ग्रंथी नळीतून नीट निघत नाही. ती काखेच्या घडीत छेद घेऊन कापून काढावी लागते. तेथून हाताकडे जाणाऱ्या संवेदी मज्जातंतूंना जपावे लागते, आणि त्वचेखाली द्रव साठण्याचा संभव असतो.

शेवटी कायद्याकडे पाहू. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने, ज्या विमायोजनेत स्तन काढण्याचा खर्च मिळतो तीत पुनर्घटनेचाही खर्च मिळावा, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसण्यासाठी दुसऱ्या, निरोगी स्तनावर केलेल्या शस्त्रक्रियेचाही मिळावा, असे ठरले. चेर्नीच्या गायिकेला शंभर वर्षांनी मिळालेला हा न्यायच म्हणावयाचा. भारतात 2017 च्या वस्तू व सेवा कराच्या अधिसूचनेत आरोग्यसेवा करमुक्त ठेवताना सौंदर्यशल्य व सुघटनशल्य वगळले आहे. अपवाद आहे तो जन्मजात दोष, विकासातील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बाधित झालेली शरीररचना वा कार्य पूर्ववत् करण्याचा. या चार शब्दांत वय नाही, बाळंतपण नाही, आणि ज्यांच्या भाराने मान, पाठ व खांदे वर्षानुवर्षे दुखतात अशा मोठ्या स्तनांचेही नाव नाही. ते 'विकासातील विकृती'त बसवावयाचे की नाही, हे प्रमाणपत्र लिहिणाऱ्याच्या लेखणीवर. काखेतील दुग्धग्रंथी मात्र त्या शब्दांत सहज बसावी, कारण ती गर्भावस्थेतील विकासाचाच अवशेष आहे. कागदावर 'अतिरिक्त स्तन-ऊतक' लिहिले तर ती चिकित्सा ठरेल, आणि 'काखेतील चरबी' लिहिले तर हौस. सोनोग्राफीने दोहोंतील भेदाचा बहुधा अंदाज येतो. पूर्ण निश्चिती होते ती काढलेले ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, आणि तोवर बिल झालेले असते.